जिवंत बाईची सवाष्ण

आमच्या घरात एक नियम होता. दारात कुणी खाकी कपड्यातला माणूस आला आणि त्यानं विचारलं, अमक्यांचं घर हेच का, तर बिनदिक्कत 'हो' म्हणायचं. अमके म्हणजे आम्ही नव्हे. अमके म्हणजे मूळ भाडेकरू. जुन्या नाशकातल्या त्या गल्लीतल्या दोन खोल्या त्यांच्या नावावर होत्या. ते स्वतः द्वारका नाक्याच्या पलीकडे बंगला बांधून राहायला गेले होते आणि त्यांच्या जागी आम्ही गुपचूप पोटभाडेकरू म्हणून शिरलो होतो. घरमालकाला कळलं असतं तर आम्ही रस्त्यावर आलो असतो आणि त्यांचाही जागेवरचा हक्क गेला असता. म्हणून विजेचं मीटर त्यांच्या नावाचं, दारावरची पाटीही त्यांचीच. सासूबाई त्यांना 'बंगलेवाले' म्हणत. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा देवघर दाखवायच्या आधी सासूबाईंनी मला हा नियम सांगितला होता. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. सकाळी पोरांना सांगायचं, खरं बोलावं, आणि दुपारी घरी येऊन दुसऱ्याच्या पाटीखालून आत शिरायचं, असं माझं चाललं होतं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. उन्हाळा नुकता सुरू झाला होता. मी शाळेतून येऊन जेवायला बसले होते आणि सासूबाई दाराशी गहू निवडत होत्या. एक खाकी शर्टातला माणूस दारात येऊन उभा राहिला. पाटी वाचून त्यानं विचारलं, अमक्यांचं घर हेच ना? सासूबाईंनी मानही वर केली नाही. म्हणाल्या, "हो, त्यांचंच. ते बाहेर गेलेत."

"मग घ्या तुमचं माणूस," तो म्हणाला आणि बाजूला सरकला.

त्याच्या मागे एक बाई होती. चाळिशीच्या आतबाहेरची असावी. अंगावर जाडंभरडं पांढरं पातळ, केस मानेपर्यंत कापलेले, हातात एक कापडी पिशवी. त्या माणसानं एक कागद पुढे केला, सासूबाईंनी सवयीनं बंगलेवाल्यांच्या वतीनं सही केली. गावाकडची कुणी पाहुणी असेल, बंगल्यावर पाठवून देऊ, असं त्यांना वाटलं होतं. तो माणूस पायरीवर बसून पाणी प्यायला आणि मग मोकळेपणानं बोलला. परगावच्या वेड्यांच्या इस्पितळातून तो आला होता. तिथे नवे मोठे डॉक्टर आले होते. जी माणसं बरी झाली आहेत ती आत ठेवायची नाहीत, असं त्यांनी ठरवलं होतं. घरच्यांना पत्रं पाठवली तर कुणी उत्तर देईना. म्हणून आता माणूस बरोबर देऊन थेट घरी पोचवायचं. उद्या त्याला अशीच एक कळवणकडे पोचवायची होती. त्यानं चहा घेतला, बाईला म्हणाला, "बरं हं, आता सुखानं राहा," आणि निघून गेला.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे. आयुष्यभर ज्या 'हो'नं छप्पर टिकवलं, त्याच 'हो'नं एक वेडी बाई घरात आणून बसवली होती. आता 'नाही, हे घर त्यांचं नाही' म्हणून त्या माणसाच्या मागे धावायचं, तर सही केलेली. आणि बोभाटा झाला तर घर जाणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते मला त्या दिवशी नीट कळलं.

तो माणूस गल्लीच्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत बाई उंबऱ्यात उभी होती. मग ती आत आली ती थेट स्वयंपाकघराच्या डाव्या कोपऱ्यात गेली. तिथे आमचं कपाट होतं. पूर्वी तिथे मोरी होती, हे मला नंतर समजलं. कपाटावर हात ठेवून ती वळली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "घर माझंच आहे. पण तुम्ही माझी माणसं नाही."

सासूबाईंनी विचारलं, हे त्या माणसासमोर का नाही बोललात?

"बोलले असते तर परत नेलं असतं."

ज्या बाईला आम्ही वेडी समजत होतो तिनं दारात उभ्या उभ्या सगळा हिशेब केला होता, आणि आम्ही दोघी शहाण्या नुसत्या बसलो होतो. तिनं पिशवी खाली ठेवली आणि पुढचा प्रश्न विचारला, "माझी मुलगी कुठंय?"

सासूबाईंनी खोदून खोदून विचारून काढलं ते असं. ती बंगलेवाल्यांची बायको. मुलगी झाल्यावर महिन्याभरात तिचं डोकं फिरलं. झोप गेली, बाळ बदललंय म्हणू लागली, बाळाला हात लावीना. तिला इस्पितळात पोचवलं तेव्हा मुलगी दोन महिन्यांची होती. त्यानंतर आजचा दिवस. माझ्या माहितीप्रमाणे बंगलेवाल्यांची पहिली बायको बाळंतपणानंतर वारली होती, दुसरीला दोन मुलगे होते, आणि पहिलीची मुलगी वीस वर्षांची होऊन तिचं लग्न ठरलं होतं. हे सगळं मला गल्लीनंच सांगितलं होतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं.

संध्याकाळी आमचे हे कचेरीतून आले आणि भडकले. पहिल्यांदा आईवर, मग माझ्यावर, मग नव्या डॉक्टरांवर, ज्यांना आम्ही कुणी पाहिलंही नव्हतं. एवढी वर्षं बंद होती ती बाहेर काढायची आणि लोकांच्या गळ्यात मारायची, ही कसली सुधारणा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत होतं, खोटं कशाला सांगू. मी विळी पलंगाखाली सरकवली होती. आमची खोली आतून लावून घेतली होती. पण निजताना ती बाई दाराशी आली आणि तिनंच विचारलं, बाहेरून कडी कोण लावणार? कडी लावल्याचा आवाज झाल्याशिवाय तिला झोप येत नव्हती. शेवटी सासूबाई उठल्या, त्यांनी कडी वाजवली आणि लगेच काढली. पुढे कितीतरी दिवस त्या असंच करत.

आम्ही तिला मावशी म्हणू लागलो. गल्लीत सासूबाईंनी सांगितलं, माझी मावसबहीण आहे, बेळगावकडची. बेळगाव अशासाठी की तिकडचं कुणी आमच्या गल्लीत नव्हतं. मावशी जेवायला बसली की ताटाभोवती डावा हात वेढून घ्यायची आणि घाईघाईनं जेवायची. कुणी खोलीत आलं की ताडकन उठून उभी राहायची, माझा चार वर्षांचा मुलगा आला तरी. चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं मला विचारलं, "विळी कुठे ठेवलीय? मेथी पडून आहे." मी पलंगाखालून विळी काढून दिली तेव्हा मला जमिनीत तोंड खुपसावंसं वाटलं. एवढ्या वर्षांत तिच्या हातात पातं आलं नव्हतं. एक जुडी चिरायला तिनं दुपार घालवली आणि एकही बोट कापून घेतलं नाही.

आमचे हे बंगल्यावर जाऊन सांगून आले आणि दुसऱ्या दिवशी बंगलेवाले स्कूटरवरून आले. सफारी सूट, कपाळाला गंध. मावशी आत होती. ते आत आलेच नाहीत, ओट्यावर उभं राहून दबक्या आवाजात बोलले. मुलीचं लग्न देवळ्याच्या कांदा व्यापाऱ्यांच्या घरात ठरलं होतं. त्या मंडळींनी सगळ्यात आधी हेच विचारलं होतं की घराण्यात काही 'तसलं' नाही ना. आई बाळंतपणात गेली, असं त्यांना सांगितलं होतं. शिवाय दुसरं लग्न त्यांनी ही गेली असं सांगूनच केलं होतं. हिला परत पोचवा, म्हणाले, सही तुम्ही केलीत. सासूबाईंनी विचारलं, बरी झालेली बाई ते परत घेतील का? ते म्हणाले, मग वेडी आहे म्हणून सांगा.

सासूबाई तशा भांडकुदळ नव्हत्या. पण त्या दिवशी त्या म्हणाल्या, आमचं घर जाईल ना, तर जाऊ दे, पण मग तुमचंही नाव सगळ्या नाशकात जाईल. एकाच नावाच्या पाटीखाली ते आणि आम्ही अडकलो होतो आणि कुणालाच हलता येत नव्हतं. जाताना ते एवढंच म्हणाले, मुलीला कळता कामा नये.

मी आत आले तर मावशी दाराच्या मागेच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, आपल्याला मेलेली ठरवलं, याच्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, "तिचं लग्न होतंय? मला एकदा लांबून दाखवा. बाकी काही नको." हे तिचं मागणं. त्यानंतर रोज सकाळी ती माझ्याकडे बघायची, तोंडानं काही म्हणायची नाही, आणि मला शाळेत जायची घाई व्हायची.

मावसबहिणीचं सोंग पंधरवडाभर टिकलं. शेजारच्या काकू, सत्तरीच्या, पण नवरा ठणठणीत असलेल्या, एके दुपारी विरजण मागायला आल्या आणि मावशी समोर आली. काकूंच्या हातातली वाटी खाली पडली. त्या भिंतीला टेकून बसल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "अगं, मी दर भादव्यात तुझ्या नावानं जेवते."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. नवरा हयात असताना जी बाई जाते तिच्या नावानं पितृपक्षातल्या अविधवा नवमीला एक सवाष्ण जेवायला घालतात. तिची ओटी भरतात, खण देतात, ती तृप्त झाली की गेलेली तृप्त झाली. बंगलेवाल्यांच्या घरी ही सवाष्ण म्हणजे काकू. वर्षानुवर्षं. दुसरी बायको मोठी भाविक आणि सवतीच्या कोपाला भिणारी. गळ्यात गेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक घालून हिंडायची, आणि पहिल्या घासाआधी 'ताई, जेवा हो' म्हणायची. बंगलेवाले समोर बसून हे सगळं पाहायचे. बाई जिवंत आहे हे माहीत असताना त्यांच्या घशाखाली पुरणपोळी उतरायची कशी, हे मला आजही समजत नाही.

मावशीनं काकूंना विचारलं, "काय काय करतात?" काकूंनी सांगितलं, पुरण, कटाची आमटी, भजी, अळूची भाजी. मावशी म्हणाली, "पुरण मला सोसत नाही." आणि मग दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. मी जमिनीवरची फुटलेली वाटी गोळा करत होते.

मला वाटलं, आता गल्लीभर दवंडी पिटली जाणार. झालं भलतंच. दुसऱ्या दिवशी दुपारी काकू पुन्हा आल्या, दार लोटून घेतलं आणि मावशीच्या अगदी जवळ बसल्या. त्यांनी विचारलं, तिथे इस्पितळात एक उंच बाई होती का, उजव्या गालावर तीळ, सारख्या ओव्या म्हणायची? काकूंची धाकटी बहीण. नदीत बुडाली म्हणून आम्हा सगळ्यांना माहीत होती. मग काकूंकडून कुजबुजत कळलं तशी वरच्या माळ्यावरची आली, जावेबद्दल विचारायला. मालेगावच्या एका विणकराची म्हातारी इकडे लेकीकडे आली होती, तीही बुरखा सावरत आली. तिची मोठी मुलगी तिथे होती. माझ्याच शाळेतल्या, पाथर्डी रस्त्याच्या बौद्ध वसाहतीतल्या एका बाईंनी मला मधल्या सुट्टीत बाजूला घेतलं आणि विचारलं, तुमच्याकडे जी पाहुणी आहे तिला माझ्या मावशीबद्दल विचारता येईल का? सात वर्षं आम्ही एका बाकावर डबा खात होतो. मला पत्ताच नव्हता. मी त्यांना हो म्हटलं आणि वर्गात गेले, पण त्या तासाला मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

हादरले मी ते तेव्हा. मला वाटायचं वेड म्हणजे कुठल्यातरी दुसऱ्यांच्या घरातली गोष्ट. इथे तर ज्या घरांशी माझी विरजणाची देवघेव होती त्यांच्यातलं एकेक माणूस तिकडे होतं, आणि घरच्यांनी ते बुडालं, तापानं गेलं, काशीला गेलं असं सांगून वाटेला लावलं होतं. तिकडचं दार इतकी वर्षं पक्कं बंद होतं म्हणून इकडची खोटी मरणं पचली. आता दार उघडलं होतं. बायका रडत यायच्या, पण काहींच्या डोळ्यांत नुसती भीती असायची की आपलं माणूसही असंच एखाद्या दुपारी दारात येऊन उभं राहील. मावशीला तिथली नावं फारशी माहीत नव्हती. सवयींवरून ती बायका ओळखायची. जी आठवली तिच्याबद्दल सांगायची, आठवली नाही तर म्हणायची, मला नाही ठाऊक, जाऊन बघा. 'जाऊन बघा' म्हटलं की समोरची बाई उठून घरी जायची. काकू मात्र गेल्या आणि तीळवालीला घेऊनच आल्या. त्यांच्या मुलांनी पुढे सहा महिने आईशी बोलणं टाकलं होतं.

वैशाखात लग्न होतं. त्याआधी घरच्या रिवाजाप्रमाणे गेलेल्या आईच्या नावानं सवाष्ण घालायची होती. काकूंना बोलावणं आलं आणि काकूंनी नाही म्हणून सांगितलं. कारण दिलं नाही, गुडघे दुखतात म्हणाल्या. जिवंत बाईच्या नावानं आता त्यांच्यानं जेववेना. मग बंगल्यात सवाष्णीची शोधाशोध झाली. दुसऱ्या बायकोला आमचं घर आठवलं, कारण पहिली याच घरात नांदली होती. बंगलेवाले गावाला गेले होते, म्हणून अडवायला कुणी नव्हतं. आणि मला आमंत्रण द्यायला तिनं नवऱ्या मुलीलाच पाठवलं.

मुलगी आली तेव्हा मावशी खिडकीशी तांदूळ निवडत होती. गोरी, शेलाटी मुलगी, दोन वेण्या घातलेली. तिनं सासूबाईंना नमस्कार केला, मला कुंकू लावलं आणि म्हणाली, "परवा आईची सवाष्ण घालायचीय. तुम्ही जेवायला याल का?" मावशी ताडकन उभी राहिली. सूप हातातच होतं.

मुलीनं आपणहून सांगितलं की आईला काय आवडायचं ते घरात कुणालाच ठाऊक नाही, म्हणून नेहमीचंच करणार आहेत. मावशी म्हणाली, "अळूची भाजी करा. पुरण नको." मुलीनं वळून तिच्याकडे पाहिलं. तुम्ही ओळखत होता माझ्या आईला, तिनं विचारलं. मावशीनं लांबून बघायचं कबूल केलं होतं, आणि मुलगी दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

सासूबाईंना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "पोरी, सवाष्ण कुणाची घालतेस? तुझी आई ही काय, उभी आहे."

असं कुणी कुणाला सांगतं का? मी सासूबाईंवर इतकी चिडले त्या क्षणी, आणि तरी दुसरं कसं सांगायचं ते मलाही कळत नव्हतं. मुलगी रडली नाही, किंचाळली नाही. तिनं पाणी मागितलं. पाणी पिऊन तिनं विचारलं, बाबांना माहीत आहे? मी हो म्हटलं. मग तिनं मावशीकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, कापलेल्या केसांपासून पायांच्या भेगांपर्यंत. आणि म्हणाली, "लग्न होईपर्यंत कुणाला सांगू नका. देवळ्याची माणसं मोडतील."

माझ्या अंगाची लाही झाली. पहिल्यांदा आईला पाहिलं आणि हे बोलली. पण मावशीचा चेहरा उजळला. ती म्हणाली, बरोबर आहे तिचं, मेलेल्या आईबद्दल कुणी काही विचारत नाही. मग तिनं मुलीच्या हाताला, मनगटाला फक्त, दोन बोटं लावली. मुलीनं हात काढून घेतला नाही. जाताना आमंत्रणाचं काय, असं ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मावशी मला म्हणाली, "जा तू. काय वाढलं ते मला सांग."

म्हणून मी गेले. समोर पाट, भोवती रांगोळी, ताटात पुरणाऐवजी शिरा आणि वाटीभर अळूची भाजी. दुसऱ्या बायकोनं माझे पाय धुतले, माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि पुटपुटली, "ताई, पोरीवर राग धरू नका." ती खरोखर भीत होती. मी तिच्या ताईचे केस सकाळीच विंचरून आले होते. मुलगी पंखा घेऊन शेजारी बसली होती, तिची आणि माझी नजर एकदाही मिळाली नाही. ओटीत हिरवं लुगडं, खण आणि बांगड्या मिळाल्या. ते सगळं मी घरी आणून मावशीपुढे ठेवलं. तिनं लुगडं उलगडून पाहिलं, काठ चांगला आहे म्हणाली.

लग्न लागलं. मावशी गेली नाही, मी गेले आणि आल्यावर तिला सगळं सांगितलं. बंगलेवाल्यांनी आमचं नाव घेणंही सोडलं. मुलगी देवळ्याहून नाशिकला आली की कधी कधी दुपारी येऊन जायची, आई म्हणायची नाही, मावशी म्हणायची, आमच्यासारखंच. मावशीला तेवढं पुरत होतं. मला पुरत नव्हतं, पण मला कोण विचारतो.

पुढच्या वर्षाच्या शेवटी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं झालं, आणि त्या आठवड्यातच बंगलेवाले आमच्या दारात उभे राहिले. या वेळी ओट्यावर थांबले नाहीत, आत आले. दाढी वाढलेली. मावशी नेहमीप्रमाणे उठून उभी राहिली, आणि ते तिच्यासमोर उभे. पोरगी झोपत नाही, म्हणाले, बाळ बदललंय म्हणते, त्याला जवळ घेत नाही. देवळ्याची माणसं येऊन बसली आहेत, तिकडे ठेवा म्हणतात, मोठ्या इस्पितळात. "तुम्ही या. तुम्हाला कळेल," म्हणाले. आपल्या बायकोला ते अहोजाहो करत होते.

मावशीनं ते हिरवं लुगडं नेसलं आणि ती गेली, मीही बरोबर गेले. बंगल्याच्या दारात दुसरी बायको आली. तिला नवऱ्यानं नुकतंच सांगितलं असावं, कारण ती भिंतीसारखी पांढरी पडली होती आणि गळ्यातला टाक तिनं मुठीत धरला होता. तो काढून ठेवावा की काय, तिला कळेना. मावशी म्हणाली, "असू द्या गळ्यात," आणि आत मुलीच्या खोलीत शिरली. तिथे मुलीची सासू बसली होती. ती म्हणाली, "पोर येडी व्हई गयी, बाई." मावशीनं तिला सांगितलं, वेडी नाही, तिला झोप हवी आहे. आणि त्या सासूनं परगावच्या इस्पितळाचं नाव काढलं तशी मावशी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली, "तिकडे नाही. मी असेपर्यंत नाही."

न्यावं लागलं नाही तिकडे. नाशकातच सरकारी दवाखान्यात आता मनाच्या आजारासाठी एका खोलीत चार खाटा ठेवल्या होत्या, आणि पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं असा तिथला नियम होता की रोग्याबरोबर घरचं माणूस राहिलंच पाहिजे. मावशी राहिली. मुलीच्या खाटेखाली सतरंजी टाकून ती झोपायची, बाळ मांडीवर, आणि मुलगी झोपली की उठून दाराला कडी नाही ना ते हात लावून बघायची. मी शाळा सुटली की जायची. पहिला आठवडा वाईट गेला. मुलगी आईला ओळखायची नाही, शिव्या द्यायची. दुसऱ्या आठवड्यात ती सलग झोपू लागली. तिसऱ्यात तिनं एक दिवस बाळाला मागून घेतलं आणि त्याच्या कानाला हात लावून म्हणाली, हिचे कान माझ्यासारखे आहेत.

त्याच दिवशी दुपारी डॉक्टर आले. तरुण होते, हसतमुख. मावशीला ते बाळाची आजी म्हणूनच ओळखत होते, त्यापलीकडे त्यांना काही ठाऊक नव्हतं. आजी, परवा घरी न्या, म्हणाले, गोळ्या मात्र चुकवू नका. मावशीनं विचारलं, "एवढ्यात?"

डॉक्टर म्हणाले, बाळंतपणानंतर काही बायकांना होतं असं, काही आठवड्यांत बहुतेकजणी बऱ्या होतात.

"पूर्वी नव्हत्या का होत?"

"पूर्वीही व्हायच्या," डॉक्टर म्हणाले. शिकत असताना त्यांनी अशा मोठ्या इस्पितळात काम केलं होतं. "अडचण औषधाची नसायची, आजी. बरी झालेली बाई न्यायला घरचं कुणी यायचं नाही. आणि कुणी आल्याशिवाय सोडता यायचं नाही."

बंगलेवाले जेवणाचा डबा घेऊन दारात आले होते. त्यांनी ते ऐकलं. मुलगी खाटेवर उठून बसली होती, तिनंही ऐकलं, आणि ती बापाकडे बघू लागली. मावशीनं वळून पाहिलं नाही. ती बाळाला थोपटत होती. डॉक्टरांना एखादी माहिती द्यावी तशी ती म्हणाली, "मी पहिल्या दिवाळीलाच बरी झाले होते. न्हाऊन, वेणी घालून फाटकाशी जाऊन बसले होते."

डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या फाटकाशी? बंगलेवाले डबा हातातून खाली न ठेवताच जिना उतरून गेले, आणि त्या दुपारी आम्ही तिघी दवाखान्याच्या दारातून आणलेली केळी खाऊन राहिलो.